मोठ्या कंपनीचे दार आणि आपला उंबरठा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा मी संगणकाच्या मोठ्या कंपन्यांविषयी बोलणार, असे सांगितल्यावर एकदोघी हसल्या. परंतु आपल्या टेंभुर्णीच्या मुली आज जालन्याला, छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकत आहेत. उद्या त्या ज्या घरी नोकरीला जाणार, ते घर आतून कसे आहे, हे आईला नको का ठाऊक?

ते एक खटल्याचे घर समजा. मुंबईत 1968 साली सुरू झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी घ्या. 2022 साली तिची माणसे सहा लाखांवर गेली होती आणि त्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्त्रिया होत्या. एवढा पसारा एकटा कोण सांभाळणार? म्हणून अशा कंपन्यांत आठदहा जणांचा एक गट करतात, त्यावर गटप्रमुख नेमतात. असे काही गट मिळून एक प्रकल्प होतो, त्यावर व्यवस्थापक असतो, आणि त्याच्याही वर आणखी पायऱ्या असतात. नवी मुलगी तळच्या पायरीवर शिकाऊ म्हणून लागते. भरतीचे खाते निराळे असते.

हे खाते माणसे चाळण्या लावून निवडते. पहिली चाळणी गुणांची. पुष्कळ कंपन्या दहावी, बारावी व पदवी या तिन्हींत 60 टक्के मागतात. म्हणजे दहावीच्या वर्षी आपण मुलीला अभ्यासावरून उठवून कामाला लावतो, त्याचा हिशेब काही वर्षांनी होतो. दुसरी चाळणी संगणकावरच्या परीक्षेची, तिसरी मुलाखतीची. मग पत्र येते आणि त्यात हजर होण्याची तारीख असते. काही ठिकाणी आधी दूर शिकायला जावे लागते. इन्फोसिसच्या म्हैसूरच्या केंद्रात मुलेमुली तेथेच राहून शिकतात. एक ध्यानात ठेवा. नोकरी देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, तो ठग समजावा.

माझ्या थोरलीने या तिन्ही चाळण्या पार केल्या होत्या. पत्र आले. शिक्षण परराज्यात होते. घरातली सारी गप्प झाली, मीही गप्प राहिले. "बघू" म्हणून मी ते पत्र देव्हाऱ्यामागे ठेवले, आणि तारीख निघून गेली. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, हेच मला अधिक लागते. कंपनीने तिला नाकारले नव्हते. शेवटची चाळणी माझ्या हातात होती.

1974 साली पुण्याच्या टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, एक जाहिरात बंगलोरला लागली होती. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत होते. तेथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना साधे पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीचे बोलावणे आले, आणि त्या त्या कंपनीतल्या पहिल्या स्त्री इंजिनिअर झाल्या. त्या वेळी दार कंपनीने लावलेले होते. आज ते उघडे आहे, आणि कडी आपण आतून घालतो.

आपली भीती खोटी आहे, असे मी म्हणत नाही. परंतु 2013 च्या कायद्याने, दहा वा अधिक माणसे असलेल्या कचेरीत स्त्रियांच्या छळाच्या तक्रारीसाठी समिती नेमावी लागते, आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असते. मुलीला पाठवताना ही समिती कोठे आहे, राहण्याची सोय काय आहे, हे आपण विचारावे. विचारणे निराळे आणि अडवणे निराळे.

माझी धाकटी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. म्हणून मंडळापुढे एक विनंती ठेवते. गावात ज्या घरी मुलीच्या नावाचे असे पत्र येईल, त्या घरी आपल्यातल्या दोघींनी त्याच दिवशी जावे, पत्र मोठ्याने वाचावे आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. सुरुवात माझ्या घरापासून करावी.