कर्जाची भीती आणि लेकीचे कॉलेज
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. बोलताना काही चुकले तर सांभाळून घ्या.

आमचे सासर सातारा जिल्ह्यातले. हे तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. २०१७ साली थोरलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पेढे वाटले, पण रात्री घास उतरेना. फी कोठून आणायची? हे म्हणाले, "कर्ज नको. कर्जापायी आबांचे रान गेले." मी पाटल्या काढून पुढे ठेवल्या. लेक म्हणाली, "आई, याने एकच वर्ष निघेल. पुढे?"

तेव्हा मला कर्मवीर भाऊराव आठवले. त्यांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. सर्व जातींची मुले तेथे एका पंक्तीला जेवत आणि राबून शिकत. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुढे १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथेही 'कमवा आणि शिका' हाच मार्ग. कष्ट करून शिकण्यात कमीपणा कसला?

मी लेकीबरोबर बँकेत गेले. तेथला माणूस म्हणाला, "सही येते का?" मी सावकाश, पूर्ण नाव लिहिले. चार लाखांच्या आतले कर्ज, म्हणून काही तारण लागले नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होणार होते. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते, हे नीट ध्यानात ठेवा. मी पोळ्यांची कामे धरली आणि दरमहा व्याज भरत गेले. त्यामुळे मूळ रक्कम फुगली नाही. लेक कॉलेजच्या ग्रंथालयात रोज दोन तास काम करी. वह्या-पुस्तकांचा आणि पासाचा खर्च तिने आमच्याकडे कधी मागितला नाही.

गेल्या वर्षी शेवटचा हप्ता फिटला. बँकेचा दाखला यांनी देवापुढे ठेवला. बोलले काहीच नाहीत, पण डोळे पुसले.

भगिनींनो, आता २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींना सरकारी प्रवेशफेरीतून व्यावसायिक शिक्षण घेताना फी माफ आहे. आधी त्याची चौकशी करा. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. उरल्यासुरल्यालाच कर्ज घ्या, आणि कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

पाटल्या अजून माझ्या हातात आहेत. धाकटीच्या वेळीही त्या मोडाव्या लागणार नाहीत, असे वाटते.