भीती सांगावी, दाढ दाखवावी



आज आपण दातांविषयी बोलू. दात कसे घासावेत ते तुम्हांला ठाऊक आहे. ते आज सांगत नाही. आजचा विषय निराळा आहे. दातांच्या डॉक्टरची भीती, हा आजचा विषय. ती कशी कमी करावी? आणि ती गेलीच नाही, तर डॉक्टरजवळ तिच्यावर काय उपाय आहेत? एवढेच सांगू.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, भीती कसली? डॉक्टर म्हणजे काय वाघ आहे?" हसू नका. आम्ही स्वतः पन्नास वर्षे भ्यालो.

आम्ही दहा वर्षांचे होतो. दाढ दुखू लागली. तीन रात्री झोप नाही. चुलत्यांनी आठवड्याच्या बाजारात नेले. तेथे एक दात काढणारा बसे. त्याच्यापुढे फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग असे. चुलत्यांनी आमचे हात धरले. दुसऱ्या कोणी डोके धरले. त्या माणसाने पकड घातली आणि दाढ उपटली. सुई नाही, औषध नाही. ती कळ अजून आठवते.

पुढे आम्ही मास्तर झालो. हेडमास्तर झालो. रोज प्रार्थना झाली की मुलांची नखे बघत असू, दात बघत असू. "दात किडलाय, डॉक्टरला दाखव," असे बजावत असू. आणि आमच्याच तोंडात खालची दाढ कुजत होती. तिच्यावर आम्ही लवंग धरली. दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. एका बाजूने जेवलो. पण डॉक्टरकडे गेलो नाही.

याहून वाईट गोष्ट सांगतो. वर्गात कोणी दंगा केला की आम्ही म्हणत असू, "गप्प बस, नाही तर दात उपटणाऱ्याकडे नेईन!" पोरे गप्प बसत. आम्हांला वाटे, काय छान युक्ती!

नोकरी संपली. त्यानंतर दोन वर्षांनी एका रात्री गाल सुजला. सूज हनुवटीखाली उतरली. तोंड उघडेना. थुंकी गिळवेना. मुलाने तसेच गाडीत घातले आणि दवाखान्यात नेले. चार दिवस सलाईन लावले, पू काढला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, आणखी उशीर झाला असता, तर श्वास कोंडला असता."

हे खरे आहे. किडलेल्या दाढेने माणूस दगावू शकतो. कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड खातो, त्यावर ते जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दात झिजतो, भोक पडते. भोक आतल्या नसेपर्यंत जाते. मग मुळाशी पू होतो. तो पू जबड्यात आणि गळ्यात उतरू शकतो. म्हणून एक खूण पक्की ध्यानात ठेवा. जबड्याखाली सूज, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतो, ताप येतो. असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच मोठा दवाखाना गाठा.

बाईंनी आम्हांला विचारले, "गुरुजी, इतके दिवस का आला नाहीत?"

आम्ही हेडमास्तर. काय सांगणार? वेळ नव्हता म्हणावे असे वाटले. पण तोंडून खरे निघाले. "बाई, भीती वाटते."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता असं करू. डावा हात वर केलात की मी थांबेन. तुम्ही सांगेपर्यंत पुन्हा हात लावणार नाही."

सूज उतरल्यावर दाढ काढली. आम्ही तीन वेळा हात वर केला. बाई तीन वेळा थांबल्या. चौथ्यांदा हात वर केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, दाढ केव्हाच निघाली!"

मंडळी, पन्नास वर्षांची भीती एका गोष्टीने निम्मी झाली. लगाम आपल्या हाती आला, म्हणजे भीती कमी होते. बाजारात आमचे हात धरले होते. इथे आमचा हात मोकळा होता.

आता डॉक्टरजवळचे उपाय ऐका. तीन शब्द लक्षात ठेवा. बधिर करणे, गुंगी देणे, भूल देणे. हे तीन निराळे आहेत.

पहिला शब्द, बधिर करणे. यात माणूस जागा असतो. फक्त दाढेभोवतीची जागा बधिर होते. त्यासाठी हिरडीत बारीक सुई देतात. औषध बहुधा लिग्नोकेन असते. हे औषध स्वीडन देशात १९४३ साली तयार झाले. सुईसुद्धा टोचू नये म्हणून आधी हिरडीला बधिर करणारा मलम लावता येतो. तो मागून घ्या. काही मिनिटांत ओठ जड होतो. दाबल्याचे कळते, ओढल्याचे कळते, पण कळ येत नाही. कळ आलीच, तर हात वर करा. डॉक्टर आणखी औषध देतात.

या सुईनंतर कधी कधी छाती धडधडते. घाबरू नका. औषध जागेवर टिकावे म्हणून त्यात दुसरे एक औषध मिसळलेले असते. त्याने थोडा वेळ धडधड होते आणि थांबते. होईल तसे डॉक्टरला सांगा.

ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. तोवर कडक चहा पिऊ नका, तोंड भाजेल आणि कळणार नाही. लहान मूल गंमत म्हणून ओठ चावते. त्याच्यावर नजर ठेवा.

कोणी म्हणतात, "मला सुई लागूच पडत नाही." याचे एक कारण आहे. जिथे पू असतो, तिथे हे औषध नीट काम करत नाही. म्हणजे भिऊन उशीर केला, तर दुखणे वाढते. लवकर गेले, तर कमी दुखते. भीतीचा हिशेब असा उलटा असतो.

दुसरा शब्द, गुंगी. ज्यांना खुर्चीत बसवतच नाही, त्यांच्यासाठी ही आहे. गुंगीचा एक वायू असतो. लोक त्याला हसवणारा वायू म्हणतात. त्याची गोष्ट ऐकण्याजोगी आहे. १८४४ साली अमेरिकेत हार्टफर्ड शहरात होरेस वेल्स नावाचे दातांचे डॉक्टर होते. एके रात्री ते या वायूचा खेळ पाहायला गेले. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली. पण त्याला पत्ताच नाही! वेल्स यांनी हे पाहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः वायू हुंगला आणि आपलीच दाढ काढून घेतली. आधी स्वतःवर, मग लोकांवर. याला म्हणतात डॉक्टर!

आज हा वायू प्राणवायूत मिसळून देतात. नाकावर लहानसा मुखवटा ठेवतात. हातापायांना मुंग्या येतात, अंग हलके वाटते, मन शांत होते. माणूस जागा असतो, बोललेले ऐकतो. काम झाले की काही मिनिटे नुसता प्राणवायू देतात. गुंगी उतरते. मोठ्यांना चालतो, मुलांनाही चालतो. मात्र नाक चोंदलेले असेल, तर उपयोग नाही. बाईला दिवस गेले असतील, तर आधी सांगावे. या वायूने दुखणे पुरते जात नाही. म्हणून बधिर करण्याची सुई बहुधा लागतेच. पण ती सुई सोसण्याचा धीर येतो.

गुंगीची गोळीही असते. मुलांसाठी पिण्याचे औषध असते. मोठ्यांना कधी शिरेतून देतात. या औषधांची गुंगी तासन्‌तास राहते. म्हणून सोबत माणूस हवाच. त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये, विहिरीवर जाऊ नये, कडबा कापायच्या यंत्राला हात लावू नये. मुलाचे औषध त्याच्या वजनावर ठरते. ते घरून आपल्या मनाने देऊ नका. एका मुलाचे उरलेले दुसऱ्याला तर मुळीच देऊ नका.

तिसरा शब्द, भूल. यात माणूस पुरता झोपतो. ही फार थोड्यांना लागते. अगदी लहान मूल, पुष्कळ दात किडलेले, किंवा ज्याला समजावून सांगता येत नाही असा माणूस, अशांना देतात. भूल दवाखान्यातच द्यायची, आणि ती भूलतज्ज्ञाने द्यायची. तिथे प्राणवायू हवा. बोटाला लावायचे यंत्र हवे. ते तुम्ही २०२० साली करोनाच्या साथीत पाहिले आहे.

आता जेवणाचा नियम. येथे पुष्कळांची चूक होते. साधी बधिर करण्याची सुई असेल, तर थोडे खाऊन जा. उपाशी पोटी घेरी येते. भूल असेल, तर उपाशी जा. जेवण आणि वरचे दूध सहा तास आधी बंद. आईचे दूध चार तास आधी बंद. साधे पाणी दोन तास आधी बंद. झोपेत उलटी झाली तर अन्न फुप्फुसात जाते, म्हणून हा नियम आहे. पोर रडते म्हणून आजी गुपचूप बिस्कीट देते. तसे करू नका. दिलेच असेल, तर लपवू नका, डॉक्टरला सांगा. गुंगी द्यायची असेल, तर खाण्यापिण्याचे त्यांनाच विचारा.

ही सगळी सोय गावोगावी नाही. बधिर करण्याची सुई दातांच्या प्रत्येक डॉक्टरकडे असते. वायू आणि भूल यांसाठी मोठ्या गावी जावे लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तेथे रोग्यांवर उपचार होतात. खर्च किती, ते आधी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. आणि आता तुम्हांला वाचता येते. डॉक्टरच्या पाटीवरचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचा. मगच तोंड उघडा.

आता मुलांचे सांगतो. आमची नात सहा वर्षांची होती. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. लोकांना वाटते, हीही दुधाचीच, पडेल. ती पडत नाही. ती जन्माची असते. नातीच्या त्या दाढेला काळा ठिपका पडला. आम्ही म्हणालो, "चल, डॉक्टरीणबाईंकडे." नातीने तोंडावर दोन्ही हात धरले. म्हणाली, "आबा, तिथं पकड असते. तुम्हीच सांगितलंत."

मंडळी, आम्ही मान खाली घातली. बाजाराची गोष्ट आम्ही तिला रंगवून रंगवून सांगितली होती. आमची भीती आम्हीच तिच्या ओटीत घातली होती. आणि वर्गातली ती सगळी पोरे? आज त्यांनाही पोरे आहेत. त्यांतली किती जण गाल धरून घरी बसली असतील?

पहिल्या दिवशी नातीने तोंड उघडले नाही. बाईंनी जबरदस्ती केली नाही. तिला खुर्ची खालीवर करून दाखवली आणि घरी पाठवले. दुसऱ्या खेपेला ती आमच्या मांडीवर बसली. बाईंनी छोटा आरसा तिच्या हातात दिला आणि नुसते दात मोजले. तिसऱ्या खेपेला यंत्र आधी नखावर फिरवून दाखवले, मग दाढेवर फिरवले. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे. अशी त्यांची रीत. कीड वरवर होती. सुईही लागली नाही. दाढ भरली.

आयाबायांनो, मुलाला सुईचा धाक घालू नका. "मुळीच दुखणार नाही," असेही सांगू नका. थोडे दुखले, तर पुढे ते तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. "डॉक्टर दात मोजतील, साफ करतील," एवढेच सांगा. दुखण्याआधी एकदा नुसते दाखवायला न्या. आपले दुखणे मुलापुढे रंगवू नका.

आणि वरची दाढ काढली की डोळे जातात, हे खोटे आहे. दाढेचा आणि नजरेचा संबंध नाही.

आता शेवटचे. पुष्कळांना डॉक्टरपुढे बोलायला संकोच वाटतो. पण तुम्ही आता लिहायला शिकलात. मग चिठ्ठी लिहा. आजचा धडा हाच. पाट्या घ्या आणि लिहा:

मला भीती वाटते.
मी हात वर केला की थांबा.
मला हे आजार आहेत.
मी या गोळ्या घेतो.

आजार म्हणजे रक्तदाब, साखर, हृदय, दमा, जे असेल ते लिहा. पूर्वी एखादे औषध बाधले असेल, तर तेही लिहा. बायांनी 'घेते' लिहावे. दिवस गेले असतील, तर तेही लिहावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या असतील, तर त्या आपल्या मनाने बंद करू नका, पण चिठ्ठीत नक्की लिहा.

आम्ही इतकी वर्षे मुलांना लिहायला शिकवले. पण या चार ओळी आम्हांला स्वतःला लिहिता आल्या नाहीत. तुम्ही लिहा. ज्याची दाढ ठणकते आहे, त्याने चिठ्ठी खिशात घालावी आणि उद्याच निघावे. एकट्याला जाववत नसेल, तर आम्हांला हाक मारा. आम्ही सोबत येऊ.

राम राम.