दुपारचे फोन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. पण कार्यवाहबाईंनी "तुमची ती फोनची हकीकत सांगाच" अशी गळ घातली, म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या सासूबाईंना मधुमेह. दुपारी इन्सुलिन टोचले की अर्ध्या तासाच्या आत पान वाढायचे, असा डॉक्टरांचा दंडक. एके दिवशी सुई दिली, भाकरी तव्यावर टाकली, तोच फोन वाजला. कर्ज हवे का, म्हणून कोणी मुलगी विचारीत होती. मी म्हटले, "नको गं बाई." तर तिने व्याज सांगितले, हप्ता सांगितला, मग तिच्या साहेबांकडे फोन दिला. दारी आलेल्याला हाकलू नये हे लहानपणापासून अंगी मुरलेले. फोन ठेववेना! भाकरी करपली ती करपलीच. आत जाऊन पाहते तो सासूबाई घामाने डबडबलेल्या, हात थरथरताहेत. चटकन साखरेचे पाणी पाजले, तेव्हा कुठे पंधरा मिनिटांनी त्यांना हुशारी आली. "कोणाचा गं एवढा महत्त्वाचा फोन?" त्यांनी विचारले. मला उत्तर देववेना.

घरची पुरुषमंडळी "कामात आहे" म्हणून खुशाल फोन ठेवतात. आपण म्हणतो, "काही नाही, घरीच आहे." हे "घरीच" मी त्या दिवसापासून सोडले. आता "आमची जेवणाची वेळ आहे, ठेवते" एवढेच म्हणते आणि खरोखरच ठेवते. रागावत मात्र नाही. पलीकडची पोरही पोटासाठीच बोलते आहे.

त्याच रात्री लेकीला जवळ बसवून दुसरा उपाय केला. इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'स्टार्ट', मग जागा सोडून शून्याचा आकडा, असा संदेश १९०९ वर पाठवायचा. पैसे पडत नाहीत. त्याने जाहिरातींचे फोन बंद होतात. बँकेचे ओटीपी येतच राहतात. घरात जितकी सिमकार्डे, तितक्यांवरून निरनिराळा पाठवावा. फोन पार थांबले असे मी म्हणणार नाही. काही लोक साध्या दहा आकडी नंबरावरून करतातच. त्यांची तक्रारही १९०९ वरच होते. पूर्वी तीन दिवसांत करावी लागे, २०२५ च्या नियमाने सात दिवसांची मुदत आहे. मी आजवर चार केल्या.

नंबराचा आरंभही पाहावा. १४० ने सुरू होणारा जाहिरातीचा. १६०० हे आकडे बँकांच्या व सरकारी कामाच्या फोनांसाठी नेमले आहेत. पण ओटीपी त्यांनाही सांगू नये. आणि कोणी पोलीस म्हणवून "तुम्हाला फोनवरच अटक केली आहे" असे धमकावील, तर घाबरू नका. तशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवावा, आणि पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

चहा होईपर्यंत माझी लेक दाराजवळच्या बाकावर बसली आहे. ज्यांना तो संदेश पाठवायचा असेल, त्यांनी आपापला फोन घेऊन तिच्याकडे जावे. चष्माही घ्या, अक्षरे बारीक असतात.