तोतया पोलीस आणि कायदा

"आजी, पुढे खून झालाय. दागिने काढून पुडीत ठेवा." साध्या वेशातला माणूस ओळखपत्र झटकन दाखवतो आणि पुडीही स्वतःच बांधून देतो. घरी ती उघडली की आत खडे निघतात.

ही फसवणूक तर आहेच, पण पोलीस असल्याची बतावणी हाही स्वतंत्र गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 नुसार, लोकसेवक असल्याचे भासवून त्या अधिकाराच्या नावाखाली एखादे कृत्य केले, किंवा तसा नुसता प्रयत्न केला, तरी किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड होतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 170 मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षांची होती आणि किमान मर्यादाच नव्हती. फसवण्याच्या हेतूने गणवेश घालणाऱ्यासाठी कलम 205 आहे.

मार्च 1987 मध्ये मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या सराफी पेढीवर सीबीआयच्या नावाने बनावट छापा पडला. त्यातले 'अधिकारी' वर्तमानपत्रात जाहिरात देऊन जमवलेले उमेदवार होते. मुख्य सूत्रधार हाती लागलाच नाही.

आता तोतया व्हिडिओ कॉलवर येतो आणि 'डिजिटल अटके'ची धमकी देतो. अशी अटक कायद्यात नाहीच. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर कळवा. रस्त्यात कोणी अडवले, तर 112 फिरवा.