बैठकीशेजारचा उभा दिवा



समर्थ रामदासांनी दासबोधाचे लेखन शिवथरच्या घळीत केले, अशी परंपरा आहे. लेखन-वाचन आले की बैठकीशेजारी दिवा आलाच. मात्र तो दिवा शहरातील दुकानातूनच यावा, असा नियम नाही. गावचा सुतार तो घडवू शकतो.

करवतीच्या आधी पेन्सिल चालावी. बाजारातील उभे दिवे कोचावर बसणाऱ्यांसाठी असतात. उंची सुमारे पाच फूट. आपल्याकडे वाचणारा बहुधा जमिनीवर बसतो. त्याचे डोळे सुमारे अडीच फुटांवर असतात. शेडची खालची कड तेवढ्याच उंचीवर ठेवल्यास उजेड पानावर पडतो, डोळ्यांत शिरत नाही. म्हणून एकूण साडेतीन फूट उंची पुरे. पाय तीनच असावेत. सारवलेल्या उंचसखल जमिनीवरही तीन पाय डगमगत नाहीत. ते पुरेसे फाकलेले आणि वजनदार असावेत, म्हणजे धक्क्याने दिवा कलंडणार नाही.

लाकूड कोणते? सागाचा गाभा वाळवीला सहज दाद देत नाही. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र वर्ज्य करावे. फणसाचे पिवळे लाकूडही सुरेख दिसते आणि काळाबरोबर गडद होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात असंख्य झाडे उन्मळून पडली. अशा पडलेल्या झाडाचा चांगला ओंडका चुलीत घालण्यापूर्वी सुताराला दाखवावा. उभे झाड तोडायचे असल्यास परवानगी आवश्यक आहे. साग, आंबा, फणस हे १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत.

घाई मात्र नडते. ओले लाकूड वाळताना आडवे आकसते आणि सांधे उघडे पडतात. एक इंच जाडीच्या फळीला सावलीत, हवेशीर जागी साधारण वर्ष द्यावे, असा जुना ठोकताळा आहे. कोकणच्या पावसात तो विसरून चालत नाही.

दांड्यात लांब भोक पाडणे कठीण. त्यापेक्षा दोन पट्ट्यांना आतून अर्धी-अर्धी खोबण काढून त्या सरसाने जोडाव्यात. वायर मधून जाते. पाय खिळ्यांनी न ठोकता खाचेत बसवावेत. रंध्यानंतर जवसाचे तेल किंवा लाखेचे पॉलिश द्यावे. शेड बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांची विणून घ्यावी. ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढा उजेड देतो आणि फार तापत नाही. त्यामुळे बांबूला आच लागत नाही. वायर जोडण्याचे काम जाणकारानेच करावे.

एका दिव्याने सुतार आणि बुरूड अशा दोन घरांना काम मिळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि ग्रामीण भागातील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे सोपविलेली आहे. पंचायत सदस्यांनी तेथे तत्परता दाखवावी. शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला सुताराला शाळेत बोलवावे. रंधा धरणारा नवा हात तयार झाला नाही, तर उत्तम लाकूडही अखेर सरपणच ठरेल.