भीमाशंकरची एकट्याची वाट
भीमाशंकरास जाणारे बहुतेक यात्रेकरू घाटमाथ्यावरून मोटारीनें येतात. कोंकणच्या बाजूनें, कर्जत तालुक्यांतील खांडस गांवाहून पायीं चढणारा वाटसरू निराळा. आणि तो एकटा असेल तर त्याची पहिली परीक्षा पायथ्याशींच होते. तेथें वाटेला दोन फांटे फुटतात. शिडीघाटाची वाट जवळची, पण कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्यांवरची. गणेशघाटाची लांबची, पण सोपी. चौघांत पाय घसरला तर हात द्यावयास कोणी असतें. एकट्यानें गणपतीच्या देवळावरून जावें; त्यांत कमीपणा कसला?

दोन्ही वाटा वर पदरावर एकत्र येतात, आणि मग खरें रान लागतें. हिरड्या-जांभळांचें छत्र इतकें दाट कीं, भर दुपारींही उन्हाचा अंदाज येत नाहीं. वरून पाला गळतो, एकट्याच्या छातींत धस्स होतें. पाहावें तों तांबूस शेकरूं, लांब शेपूट सोडून फळ कुरतडीत बसलेलें! मुख्यतः त्याच्याचसाठीं हें रान १९८५ सालीं अभयारण्य झालें.

देऊळ खळग्यांत आहे. माथा त्याहून वर, नागफणीचा. तेथें रान एकाएकीं संपतें आणि पायांखालीं कोंकण उघडें पडतें. तासभर बसावेंसें वाटतें. परंतु ऊठ म्हणणारा सोबती नाहीं, आणि सूर्यास्ताच्या किती तरी आधीं झाडांखालीं अंधार दाटतो. म्हणून जाणता वाटसरू परतीची वेळ खांडसलाच ठरवून निघतो. ती वेळ पदरावरच झाली, तर माथा कितीही जवळ वाटो, तो तेथूनच मागें फिरतो, आणि दिवेलागणीला गांवांतल्या एखाद्या ओसरीवर टेकून पाणी मागतो.