मासळीला दाखला, बाईला काय?

जूनची पहिली तारीख आली की कोकणच्या बंदरांतली वर्दळ एकदम थांबते. मिरकरवाडा असो, हर्णै असो की नाटे, नौका किनाऱ्याला लागतात, शाकारल्या जातात, जाळी घरोघर जातात. यांत्रिक नौकांना जून आणि जुलै असे ६१ दिवस बंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि वर खवळलेला समुद्र. बंदी हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. वर्तमानपत्रांत दरवर्षी बातमी येते, शाकारलेल्या होड्यांचा फोटो येतो, नेपाळचे खलाशी गावाला निघाले असं छापून येतं. त्याच सुमारास आणखी एक दार बंद होतं, त्याचा फोटो मात्र कुठे येत नाही. ते दार मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातल्या पीलिंग विभागाचं. त्या दारातून ये-जा करणाऱ्या बायांविषयी आज मला बोलायचं आहे.

बी.ए. झाल्यावर १९९४ ते ९६ मध्ये मी अशा एका कारखान्यात दोन हंगाम टॅली लिहायचं काम केलं. कुणी किती कोळंबी सोलली त्याचं वजन करायचं आणि तिच्या नंबरापुढे मांडायचं, एवढंच ते काम. म्हणून आज सांगते आहे त्यातलं काही डोळ्यांनी पाहिलेलं आहे, काही पुढे वाचून समजलेलं आहे.

आधी काम काय असतं ते सांगते. लिलावात घेतलेला माल बर्फात भरून कारखान्यात येतो. कोळंबी असेल तर धुवायची, डोकं मोडायचं, साल काढायची, हवी असेल तर पाठीतला काळा दोरा ओढून काढायचा. मग आकारानुसार निवड. एका पौंडात १६ ते २० नग बसले तर तो एक भाव, २१ ते २५ बसले तर दुसरा. त्यानंतर ट्रे भरून फ्रीझरमध्ये आणि शेवटी उणे १८ अंशांच्या शीतगृहात. म्हाकूल साफ करायचं असेल तर पिशवी, शाई, कातडी सगळं वेगळं. राणी माशासारखा मासा सुरिमी करायला जातो. यंत्रं पुष्कळ आली, पण बारीक कोळंबी सोलायला अजून बाईचंच बोट लागतं. मोडलेल्या कोळंबीला भाव नाही, म्हणून हात वेगानंही चालला पाहिजे आणि हलकाही पडला पाहिजे. हे कसब यायला एखादा हंगाम तरी जातो. गंमत अशी की मजुरीच्या रजिस्टरात या कामाला ‘अकुशल’ म्हणत.

बर्फाच्या पाण्यात आठ-दहा तास हात. कोळंबीच्या डोक्यावरचा करवती काटा बोटात मोडतो आणि तिथे पिकतं. बोटांच्या टोकांची सालं निघतात. आमच्याकडच्या बाया रात्री बोटांना मेंदीचा लेप द्यायच्या. सणासुदीची हौस म्हणून नाही, कातडी घट्ट व्हावी म्हणून. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगड व्हायच्या. कोळंबी-खेकड्यांचे जे बारीक तुषार हवेत उडतात, त्यांतून श्वासावाटे जाणाऱ्या प्रथिनांनी दमा जडू शकतो, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. त्या वेळी आम्ही म्हणायचो, ‘थंडी बाधली’.

मजुरी किलोवर. माल आला तर काम, नाही आला तर घरी. आणि माल कधी येईल ते समुद्र ठरवणार. वाडीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला की रात्रीचे दोन असोत नाहीतर पहाटेचे पाच, निघायचं. पोराला शेजारच्या आजीकडे झोपलेलं टाकून यायचं. एकदा टेम्पो चुकला की दुसऱ्या खेपेला मुकादम आपलं नाव घेईलच असं नाही.

कारखान्यात आमच्या भागातल्या खारवी, भंडारी, दालदी, कुणबी अशा सगळ्या घरांतल्या बाया होत्या. आणि होत्या केरळच्या मुली. कोळंबी गोठवून परदेशी पाठवायचा धंदा आपल्या देशात कोचीनच्या बाजूला रुजला. १९५३ मध्ये तिथून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला गेली. सोलायचं कसबही तिथेच आधी तयार झालं. पुढे गुजरातेत वेरावळला, आपल्याकडे रत्नागिरीला, तळोज्याला कारखाने उभे राहिले, तेव्हा ठेकेदारांनी आलप्पुझा, कोल्लम भागातल्या मुली टोळीटोळीने आणल्या. हंगामभर कारखान्याच्या आवारातच राहायचं, आणि पावसाळ्यात परत. आमच्या बाया त्यांना ‘चेची’ म्हणत. मल्याळममध्ये चेची म्हणजे मोठी बहीण. पण इकडे अठरा वर्षांची पोरसुद्धा चेचीच. भाषा येत नव्हती, तरी कोळंबीची साल एका झटक्यात कशी उतरवायची हे आमच्या बाया त्यांच्याकडूनच शिकल्या. आता त्या फारशा येत नाहीत. त्यांच्या जागी आसाम, ओडिशा, झारखंडच्या मुली दिसतात.

१९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या मासळीवर बंदी घातली. कारण होतं स्वच्छतेचं. त्यानंतर कारखान्यांचं रूप पालटलं. फरशा आल्या, टोप्या, मास्क, गमबूट आले, क्लोरीनच्या पाण्यात हात-पाय बुडवून आत जाणं आलं. उघड्यावरच्या पडव्यांत, घरांच्या आसपास सोलाई चालायची ती बंद झाली, आणि केरळात तर त्यामुळे कितीतरी बायांचं घराजवळचं काम गेलं. बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र, सगळं दाराबाहेर. सवाष्ण बाईला हात मोकळे करायला सांगणं सोपं नव्हतं. हिंदू काय, मुसलमान काय, आमच्याकडे मोकळा हात अशुभच. तरी बायांनी ते केलं. खाणाऱ्याच्या घासात काचेचा तुकडा जाता कामा नये, हे त्यांना पटलं.

पुढे १ जानेवारी २०१० पासून युरोपात मासळी पाठवायची तर पकड-प्रमाणपत्र लागू लागलं. म्हणजे हा मासा कुठल्या नौकेने, कुठल्या पाण्यात, कधी धरला, याचा दाखला. प्रत्येक खोक्यावर खुणेचा आकडा असतो. त्यावरून माल कुठल्या दिवशी आला, कुठल्या खेपेत गोठवला, सगळं शोधता येतं. परदेशात एखाद्याला पोटदुखी झाली तर त्या खोक्याचं मूळ इथपर्यंत येऊन सापडावं, अशी ती व्यवस्था. चांगली व्यवस्था आहे. २०२४-२५ मध्ये देशातून ६२ हजार कोटी रुपयांवर मासळी बाहेर गेली, ती या कागदांच्या जोरावर.

आता दुसऱ्या बाजूचा कागद पाहू.

आमच्या मोहल्ल्यात मला लिहिता येतं म्हणून बाया अर्ज लिहून घ्यायला येतात. काही वर्षांपूर्वी एक खाला आल्या. एकाच कारखान्यात त्यांनी १९ हंगाम काढले होते. सांधे धरले, हात चालेना, तेव्हा पुढच्या ऑगस्टला टेम्पो त्यांच्यासाठी थांबला नाही. कुणी काढून टाकलं नाही, कुणी काही बोललंही नाही. नुसतं बोलावलं नाही. त्या म्हणाल्या, “बेटी, काहीतरी मिळतं म्हणतात. लिहून दे.”

मी कायद्याचं पुस्तक मिळवून वाचलं. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हंगामी कामगाराचीही सोय होती. बारमाही कामगाराला वर्षामागे १५ दिवसांची मजुरी, तर हंगामीला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांची. कारखाना जितके दिवस चालला त्यातले ७५ टक्के दिवस काम केलेलं असलं की तो हंगाम सलग सेवेत धरायचा. १९ हंगामांचे झाले १३३ दिवस. त्या घराला ती रक्कम लहान नव्हती. मी विचारलं, कागद काय आहे? त्यांनी पदराच्या गाठीतून एक पत्र्याचा बिल्ला काढला. त्यावर फक्त नंबर होता. १९ वर्षांत तीन ठेकेदार बदलले होते. कारखाना म्हणाला, बाई ठेकेदाराची. शेवटचा ठेकेदार गाव सोडून गेलेला. टॅलीच्या वह्या? त्या हंगाम संपला की रद्दीत.

त्यांनी सोललेली कोळंबी कुठल्या जहाजातून कुठल्या देशाला गेली हे त्या काळातल्या कागदांवरून काढता आलं असतं. त्या स्वतः तिथे होत्या, हे मात्र कशावरूनही काढता आलं नाही. अर्ज मी लिहिला. त्याचं काही झालं नाही.

मंडळी, ‘हंगामी’ हा शब्द फार बेरकी आहे. हंगाम कोळंबीचा असतो, बांगड्याचा असतो. १९ वर्षं एकाच टेबलाशी उभी राहिलेली बाई हंगामी कशी? १९४८ च्या राज्य विमा कायद्यात हंगामी कारखान्यांची व्याख्या होती. त्यात सरकी, ताग, भुईमूग, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर-गूळ, चहा अशी नावं आहेत. सरकारला अधिसूचना काढून आणखी नावं घालता येतात, पण मूळ व्याख्येत मासळीचं नाव नाही. मासळीचं नाव आहे ते दुसरीकडे. १९४८ च्याच कारखाने कायद्यात बायकांना रात्री सात ते सकाळी सहा कामाला लावायला बंदी होती. तिला एक सवलत ठेवलेली होती: मासे खारवण्याच्या नि डबाबंद करण्याच्या कारखान्यांतल्या बायांपुरती. कारण दिलं होतं, कच्चा माल खराब होऊ नये म्हणून. मासा नासतो हे खरंच आहे. पण हे कलम वाचलं तेव्हा मला रात्री दोनचा टेम्पो आठवला. या सगळ्या धंद्यात घड्याळ माशाचं असतं. माणसाची झोप, पोराचं दूध, सगळं त्या घड्याळाला लावून घ्यायचं.

बाहेरच्या राज्यांतून आणलेल्या मुलींसाठी १९७९ चा कायदा होता. पाच किंवा जास्त स्थलांतरित कामगार आणणाऱ्या ठेकेदाराला परवाना, जाण्यायेण्याचा खर्च, राहायची सोय, औषधपाणी, आणि प्रत्येकीला फोटो लावलेलं पासबुक. त्यात नाव, कामाची जागा, मुदत, मजुरीचा दर, सगळं. माझ्या दोन हंगामांत असं एकही पासबुक माझ्या नजरेला पडलं नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. हंगामाला सात दिवसांचा ग्रॅच्युइटीचा हिशेब त्यांतही तसाच आहे. बायकांना संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी करता येते. आणि एक गोष्ट नवी आहे: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक झालं आहे. हे पत्र पीलिंगच्या टेबलापर्यंत पोचतं की ऑफिसच्या खुर्चीशीच थांबतं, ते येत्या काही हंगामांत कळेल. पोचलं तर खालांसारख्या बाईच्या हातात बिल्ल्याच्या जागी कागद येईल.

बंदीच्या दोन महिन्यांचा प्रश्न त्याहून अवघड. २०२० मध्ये सुरू झालेल्या मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळात पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना आधार देण्याची तरतूद आहे. ते योग्यच आहे. पण समुद्र बंद झाला की किनाऱ्यावरचा हातही बंद होतो. जी बाई मच्छीमाराच्या घरची नाही, केवळ सोलायला जाते, तिची बंदी कुणाच्या हिशेबात नाही. ती त्या दिवसांत कुणाच्या शेतात लावणीला जाते, कुणाकडे भांडी घासते, दुकानदाराकडे उधारी करते. ऑगस्टचा पहिला पगार त्या उधारीतच जातो.

कारखानदारांशी माझं भांडण नाही. माल पडून राहिला, परदेशातून खोकी परत आली, तर त्यांचंही कंबरडं मोडतं हे मी पाहिलेलं आहे. पण जो धंदा एका खोक्याचा माग हजारो मैलांवरून काढू शकतो, त्याला हंगामाच्या अखेरीस एका बाईला एक ओळ लिहून देणं जड नाही. नाव, किती दिवस काम, किती मजुरी, खाली सही-शिक्का. बस्स.

तोवर आपण काय करायचं? मी कविता लिहिते, आणि पोरींना कवितेविषयी सांगायला मला आवडतं. पण हल्ली कारखान्यात जाणारी पोर भेटली की आधी दुसरीच गोष्ट सांगते. वीस रुपयांची एक वही घे. रोज तारीख टाक. कारखाना कुठला, ठेकेदार कोण, किती वाजता आत गेलीस, किती वाजता बाहेर आलीस, किती किलो, किती पैसे. मजुरी बँकेत जमा झाली तर पासबुक भरून घे. गेटपासचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. नेमणूकपत्र माग, नाही दिलं तर मागितल्याची तारीखही वहीत लिही. तुमच्या घरात, तुमच्या वाडीत अशी कुणी असेल आणि तिला लिहिता येत नसेल, तर रात्री पाच मिनिटं बसून तिची वही तुम्ही लिहा. शाळेत जाणाऱ्या पोराला लिहायला लावा. आपली आई दिवसभर काय करते, हेही त्याला त्या निमित्ताने समजेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)